कर्नल फाईल वाचताना मधेच कचरा देतोय? आधी कितव्या बाईटला घोळ होतो ते शोधा

कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातला, बग फिक्स करायचा म्हटलं की नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो, तर सोर्स उघडतो आणि वरपासून वाचत सुटतो, दोन तासांनी डोकं गरगरायला लागतं, मग कुठेतरी एक संशयास्पद ओळ दिसते ती बदलतो, आणि नशिबाने त्रास गेल्यासारखा वाटला तर झालं काम म्हणून मोकळा होतो. मीही असंच करायचे. फाईल रीडच्या बगला हे करू नका, कारण हा बग स्वतःचा पत्ता स्वतःच सांगतो. फाईल कितव्या बाईटला बिघडते तो आकडा हातात आला की निम्म्याहून जास्त काम झालं. त्यामुळे या लेखात कोड बदलणं एका ओळीचं आहे आणि बाकी सगळं त्या आकड्यापर्यंत पोचण्याबद्दल आहे.

उदाहरणाला एक्सव्हीसिक्स घेतेय. एमआयटीने २००६ साली शिकवण्यासाठी बनवलेला छोटा कर्नल, १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर. आता जी रिस्क-फाईव्ह प्रोसेसरवाली आवृत्ती चालते तीच धरून चला, जुन्या एक्स-८६ प्रोसेसरवाल्यात ब्लॉक, म्हणजे डिस्कवरून एका वेळी येणारा तुकडा, ५१२ बाईटचा होता आणि इथे १०२४ चा आहे, आणि आपला सगळा खेळ याच आकड्यावर आहे. फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, सोर्समध्ये शोधताना अडणार नाही.

नकाशा, अगदी थोडक्यात

प्रोग्रॅमने रीड कॉल केला की सिस्टम कॉलमधून (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची वाट) गाडी फाईलरीडकडे जाते, तिथे आयनोडला, म्हणजे फाईलची साईज आणि ब्लॉकचे पत्ते ठेवणाऱ्या नोंदीला, लॉक लागतं, मग रीडआय नावाचं फंक्शन खरं काम करतं, आणि परत आल्यावर जितके बाईट मिळाले तितका फाईलचा ऑफसेट, म्हणजे आपण कितव्या बाईटवर आहोत तो आकडा, पुढे सरकतो. रीडआयच्या आत एक लूप आहे: ऑफसेटला १०२४ ने भागून कितवा ब्लॉक ते काढायचं, बीमॅपला विचारायचं की हा ब्लॉक डिस्कवर कुठे आहे, बीरीडने तो बफरमध्ये (कर्नलच्या मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) आणायचा, हवे तेवढे बाईट यूजरच्या मेमरीत कॉपी करायचे, बीरिलीजने (सोर्समध्ये brelse) बफर सोडायचा, की पुढचा ब्लॉक. आयनोडमध्ये पहिल्या १२ ब्लॉकचे पत्ते थेट असतात आणि तेराव्या जागी एका अशा ब्लॉकचा पत्ता असतो ज्यात आणखी २५६ पत्ते आहेत. म्हणजे फाईल जास्तीत जास्त २६८ ब्लॉकची, २७४४३२ बाईट. एवढा नकाशा पुरे आहे, सुरुवातीला यापेक्षा जास्त वाचत बसू नका.

पायरी १: बग खरंच कर्नलचा आहे का

हे आधी बघा, नाहीतर आठवडा जाईल. रीडने मागितल्यापेक्षा कमी बाईट देणं हा बग नाही, ते नियमात बसतं, आणि शून्य आलं म्हणजे फाईल संपली. कितीतरी वेळा प्रोग्रॅमच चुकीचा असतो, ४०९६ मागितले, ३००० आले, तरी पुढे ४०९६ धरूनच चालतो आणि शेवटच्या बाईटमध्ये आधीचाच शिळा माल राहतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकेक बाईट वाचून तो साध्या कॅरेक्टरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि उणे एकशी तुलना करायची, मग फाईलमध्ये २५५ किमतीचा बाईट आला की कॅरेक्टरला चिन्ह असलेल्या मशीनवर प्रोग्रॅमला वाटतं फाईल संपली. म्हणून आधी प्रत्येक रीडचं उत्तर प्रिंट करा, किती मागितले, किती आले. लिनक्सवर असाल तर एसट्रेस हे सिस्टम कॉल दाखवणारं टूल लावलं की हेच फुकटात दिसतं.

पायरी २: स्वतःचा पत्ता सांगणारी फाईल बनवा

ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट, म्हणून इथे जरा थांबते.

हाताला लागेल ती टेक्स्ट फाईल टेस्टला घेऊ नका. बिघाड झाला तरी तुम्हाला कळणार नाही की जे दिसतंय ते कुठलं आहे. त्याऐवजी अशी फाईल बनवा की तिची प्रत्येक ओळ बरोब्बर १६ बाईटची, १५ आकडे आणि एक न्यूलाईन, आणि ते आकडे म्हणजे ती ओळ फाईलमध्ये कितव्या बाईटपासून सुरू होते तो नंबर, पुढे शून्यं भरून. पहिली ओळ सगळी शून्यं, दुसरीच्या शेवटी १६, तिसरीच्या शेवटी ३२. अशा १२५० ओळी केल्या की २०००० बाईटची फाईल झाली, जी थेट पत्त्यांची १२२८८ बाईटची हद्दही ओलांडते. आता १०२४ व्या बाईटला जर ०००००००००००२०४८ दिसलं तर तुम्हाला लगेच कळतं की एक ब्लॉक पुढचा माल आलाय. तेच जर शून्याची ओळ परत आली तर ऑफसेट पुढे सरकतच नाहीये. आणि आकडेच नसतील, भलतंच काहीतरी असेल, तर तो माल फाईलचा नाहीच.

ही फाईल बनवायची बाहेर, म्हणजे तुमच्या नेहमीच्या मशीनवर, आणि डिस्क इमेज, म्हणजे एक्सव्हीसिक्सची अख्खी डिस्क असलेली फाईल, बनवताना आत टाकायची. मेकफाईलमध्ये (बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाईल) जिथे रीडमी फाईल इमेजमध्ये जाते त्याच ओळीत तुमच्या फाईलचं नाव घाला, नाव १४ अक्षरांच्या आत ठेवा. एक्सव्हीसिक्सच्या आत प्रोग्रॅम लिहून फाईल तयार केली तर लिहिणारा आणि वाचणारा दोघेही संशयित होतात, आणि दोघांत एकच चूक असली तर ते एकमेकांना सांभाळून घेतात.

पायरी ३: वेगवेगळ्या घासांनी वाचा

आता छोटा तपासनीस प्रोग्रॅम लिहा: फाईल उघडायची, ठरावीक घासाने (घास म्हणजे एका रीड कॉलला मागायचे बाईट) वाचत जायची, आणि प्रत्येक बाईटला स्वतःच हिशोब करायचा की इथे काय असायला हवं होतं. चुकलं की कुठून कुठपर्यंत चुकलं ते प्रिंट करायचं. पहिल्या चुकीला थांबू नका, सगळे पट्टे बघायचे आहेत. घासाचा आकार कमांडवरून घ्या. प्रोग्रॅम मेकफाईलमधल्या यूजर प्रोग्रॅमच्या यादीत घालायचा असतो, नावाआधी अंडरस्कोअर, हे विसरलं की आत गेल्यावर तो सापडतच नाही आणि नवीन माणूस अर्धा तास तिथेच.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. मी रीडआय स्वतःच्या हाताने परत लिहून बघत होते, शिकायला म्हणून. सगळं चाललं. शेल आला, फाईलींची यादी देणारं एलएस चाललं, फाईल छापणाऱ्या कॅटने रीडमी नीट दाखवली, वर्डकाउंटने (कमांड wc) बाईट बरोबर मोजले. मग ग्रेप (फाईलमध्ये शब्द शोधणारी कमांड) केलं आणि स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं. साहजिकच मी ग्रेपचा कोड वाचत बसले, पूर्ण संध्याकाळ, कारण एकटं ग्रेपच बिघडलंय म्हणजे ग्रेपमध्येच काहीतरी असणार ना. ग्रेपमध्ये काहीही नव्हतं.

मग तपासनीस लिहिला. घास ५१२ चा, एकही चूक नाही. १०२४ चा, नाही. १६ चा, नाही. १०० चा दिला आणि हे आलं: १०२४ ते १०९९ चूक, २०४८ ते २०९९ चूक, ३०७२ ते ३०९९ चूक, ४०९६ ते ४०९९ चूक, ५१२० ते ५१९९ चूक, आणि असंच पुढे.

हे आकडे नीट बघा. प्रत्येक पट्टा १०२४ च्या पटीला सुरू होतो आणि शंभराच्या पटीच्या बरोब्बर एक आधी संपतो. लांबी ७६, ५२, २८, ४, मग ८०. म्हणजे ब्लॉकची हद्द लागली की बिघडतं आणि पुढचा रीड कॉल सुरू झाला की आपोआप सुधारतं. ज्या घासाच्या मधे हद्द येत नाही तो घास साफ. सोर्स न उघडता एवढं कळलं! अकरावा घास १००० पासून सुरू होतो, त्याला पहिल्या ब्लॉकमधून २४ बाईट आणि दुसऱ्यातून ७६ मिळायला हवेत, इथे २४ बरोबर आले आणि ७६ चुकले, म्हणजे दुसऱ्या ब्लॉकवर उडी मारलीच नाही, पहिल्यातूनच पुढे वाचत गेला.

आणि आता कॅट का चाललं तेही कळतं. कॅट आणि वर्डकाउंटचा बफर ५१२ चा आहे, १०२४ ला ५१२ ने बरोब्बर भाग जातो, त्यामुळे त्यांच्या घासाच्या मधे हद्द कधी येतच नाही. एलएस डिरेक्टरीची नोंद १६ बाईटने वाचतं, तिथेही तेच. ग्रेपचा बफर १०२४ चा असला तरी ते शेवटचा एक बाईट राखून पहिल्यांदा १०२३ मागतं, मग उरलेली अर्धी ओळ पुढे सरकवून आणखी कुठलातरी वेडावाकडा आकडा, म्हणून बिचारं एकटं सापडलं. टेस्ट करताना माणसाच्या हाताला आपोआप ५१२ आणि ४०९६ हेच आकडे येतात आणि बग नेमका त्यांच्याच मागे लपतो, त्यामुळे ७, १००, १०२३, १०२५ असे घाणेरडे आकडे मुद्दाम द्या.

पायरी ४: आकडा कुठे बोट दाखवतो

हद्द १०२४ ची असेल तर रीडआयचा लूप. १२२८८ पासून पुढे सगळंच चुकत असेल तर बीमॅपमधला तेराव्या जागेचा भाग, बहुतेक १२ वजा करायचे राहिलेत. ४०९६ ची पट दिसत असेल तर आधी फाईलकडे बघू नका, यूजरच्या बफरचा पत्ता बघा, कारण मेमरीचं पान ४०९६ बाईटचं असतं आणि यूजरच्या मेमरीत कॉपी करणारं कॉपीआउट पानापानाने कॉपी करतं, बफर पानाच्या मधून सुरू केला की पट्टा जागा बदलतो का ते बघितलं की लगेच ठरतं. फक्त फाईलच्या शेवटी कचरा येत असेल तर फाईलच्या साईजला कात्री लावणारी तपासणी. कॅट त्याच ओळी अनंत काळ छापत बसलं तर फाईलरीडमध्ये ऑफसेट पुढे सरकवायचा राहिलाय. आणि मोठ्या सिस्टमवर २१४७४८३६४८ च्या आसपास काही झालं तर ३२ बिटांच्या चिन्हवाल्या पूर्णांकात कुणीतरी ऑफसेट कोंबलाय, दुसरं काही शोधायची गरज नाही.

पायरी ५: रंगेहाथ पकडा

आता सोर्स उघडा, पण फक्त तो लूप. प्रिंट टाकायचा मोह होईल, टाका, पण रीडआय सगळ्यांसाठी चालतं, शेल, डिरेक्टरी, प्रोग्रॅम लोड होणं, सगळं तिथूनच जातं, त्यामुळे अट न घालता प्रिंट टाकला तर स्क्रीन धो धो वाहते. आयनोडच्या नंबरची अट घाला.

त्याहून बरं म्हणजे जे कधीच घडायला नको ते घडलं तर कर्नलला पॅनिक करायला लावणं, म्हणजे तिथल्या तिथे थांबवणं. माझ्या केसमध्ये नियम सरळ होता: ब्लॉकमध्ये आपण जिथे उभे आहोत ती जागा अधिक या फेरीत उचलायचे बाईट, ही बेरीज १०२४ च्या वर कधीच जाता कामा नये. कॉपीच्या आधी एवढी एक तपासणी टाकली, १०० चा घास दिला, आणि अकराव्या रीडला कर्नल तिथल्या तिथे आडवा.

जीडीबी हा डीबगर लावायचा असेल तर एका टर्मिनलमध्ये मेक क्यूएमू-जीडीबी (क्यूएमू म्हणजे एक्सव्हीसिक्स ज्यात चालतो तो नकली मशीनचा प्रोग्रॅम), सीपीयू एकच ठेवा नाहीतर स्टेप करताना दुसरा कोअर मधे घुसतो, दुसऱ्या टर्मिनलमध्ये रिस्क-फाईव्हवाला जीडीबी, आणि रीडआयवर अटीचा ब्रेकपॉइंट, मागितलेले बाईट १०० असतील तरच थांब. काही व्हेरिएबलना जीडीबी ऑप्टिमाईझ झालंय म्हणून किंमत दाखवत नाही, घाबरू नका, कर्नल ऑप्टिमायझेशन लावून कंपाईल होतो म्हणून तसं होतं. क्यूएमूमधून बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून सोडायचं आणि मग एक्स.

चूक काय होती? एका फेरीत किती बाईट उचलायचे ते ठरवताना मी उरलेले बाईट आणि १०२४ यातलं लहान घेतलं होतं. घ्यायला हवं होतं उरलेले बाईट आणि या ब्लॉकच्या शेवटापर्यंतचे बाईट यातलं लहान, म्हणजे १०२४ मधून ऑफसेटला १०२४ ने भागून उरणारी बाकी वजा करून. ऑफसेट १००० असेल तर बाकी १०००, म्हणून २४. एवढंच, एक वजाबाकी राहिली होती.

पण ते ७६ बाईट आले कुठून, हे बघितल्याशिवाय मला झोप आली नसती. बफरच्या स्ट्रक्चरमध्ये डेटा सगळ्यात शेवटी आहे आणि असे ३० बफर एकामागे एक ॲरेमध्ये ठेवलेत, म्हणून एकाच्या डेटाच्या पलीकडे गेलात की शेजारच्या बफरचं डोकं लागतं, त्यात त्याचा ब्लॉक नंबर, लॉक, कर्नलच्या मेमरीचे पॉइंटर. तेच यूजरच्या प्रोग्रॅमला मिळत होते. म्हणजे दिसायला साधा कचरा असला तरी हा माहिती फुटण्याचा प्रकार आहे, खऱ्या सिस्टममध्ये हा बग सिक्युरिटीच्या खात्यात जातो आणि तिथे तो उघड्यावर न टाकता आधी सिक्युरिटीच्या टीमला खाजगीत कळवायचा असतो. आणि बघा, एकूण बाईटची संख्या शेवटपर्यंत बरोबरच होती, साईज जुळली म्हणजे फाईल बरोबर असं कधीच धरू नका.

पायरी ६: फिक्स करताना नवीन बग घालू नका

दोन गोष्टी. एक, लक्षण झाकू नका. ग्रेपचा बफर ५१२ केला असता तर कचरा गेला असता आणि बग तसाच. मला त्या संध्याकाळी हे सुचलं नाही हे माझं नशीब.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. लूपमध्ये हात घातलाच आहे तर कॉपी फसली तर लगेच परत जाऊया, म्हणून लोक मधेच रिटर्न टाकतात आणि बीरिलीज राहून जातं. पहिल्यांदा सगळं छान, चुकीचा पॉइंटर दिला, उणे एक आलं. दुसऱ्यांदा तोच ब्लॉक मागितला की प्रोसेस कायमची झोपते, कारण त्या बफरचं लॉक कुणी सोडलंच नाही. एकाच ब्लॉकऐवजी वेगवेगळ्या ब्लॉकवर हे झालं तर तीसच्या तीस बफर अडकतात आणि रिकामा बफर शोधून देणारं बीगेट, बफर नाहीत म्हणून पॅनिक करतं. मशीन गप्प झालं तर कंट्रोल-पी दाबा, एक्सव्हीसिक्स प्रोसेसची यादी छापतं, तुमचा प्रोग्रॅम स्लीप दिसला की समजा कुठलंतरी लॉक गिळलंय. म्हणून बाहेर पडायची प्रत्येक वाट बोटाने मोजा आणि प्रत्येक वाटेवर बीरिलीज आहे का बघा.

पायरी ७: परत टेस्ट

तोच तपासनीस, घास १, ७, १००, ५१२, १०२३, १०२४, १०२५, ५०००. फाईलच्या साईजही बदला, ० बाईटची, १ ची, १०२३, १०२४, १०२५, मग १२२८७ ते १२२८९, आणि एक पूर्ण २७४४३२ ची. मेक क्लीन करून इमेज नव्याने बनवा, कारण डिस्क इमेज एका रनमधून दुसऱ्या रनमध्ये तशीच राहते आणि आधीच्या प्रयोगात बिघडलेली फाईल तुम्हाला आज फसवू शकते.

मग यूजरटेस्ट्स हा एक्सव्हीसिक्सचा तयार टेस्टचा प्रोग्रॅम चालवा, सगळा. घाईत असाल तर नाव देऊन एकच टेस्ट चालवता येते. त्यातली बिगफाईल नावाची टेस्ट ३०० बाईटच्या घासाने वाचते, म्हणजे माझा बग तिने दोन सेकंदात पकडला असता, मी ती आधी चालवली नव्हती इतकंच. कॉपीआउट नावाची टेस्ट वाईट पॉइंटर देऊन रीडमीच परत परत वाचते, बीरिलीज विसरला असाल तर तिथे अडकेल.

लिनक्सवर असाल तर

पद्धत हीच, फक्त आकडे आणि नावं वेगळी. साधं वाचणं बहुतेक फाईलसिस्टममध्ये पेज कॅशेतून (मेमरीत ठेवलेल्या फाईलच्या पानांतून) जातं, म्हणून पट्टे ४०९६ च्या पटीत शोधा. एकदा सिंक करून कॅशे रिकामी करा आणि परत वाचा, कचरा गेला तर डिस्कवरचा माल ठीक आहे आणि घोळ कॅशेत आहे, राहिला तर खाली बघा. एका रीडमध्ये लिनक्स जास्तीत जास्त २१४७४७९५५२ बाईट देतं, त्याहून जास्त मागितले आणि तेवढेच आले म्हणून बग रिपोर्ट टाकू नका. आणि जुन्या आवृत्तीत चालत होतं, नव्यात नाही, असं असेल तर डोकं लावूच नका, गिट बायसेक्ट लावा, ते दर वेळी निम्मे कमिट (नोंदवलेले बदल) गाळतं, हजार कमिट असले तरी दहाएक बिल्डमध्ये दोषी कमिट हातात येतो. तुमचा तपासनीस चुकीला शून्याऐवजी १ हा एक्झिट कोड देत असेल तर तेही काम आपोआप होतं.

पॅच पाठवताना संदेशात लक्षण, कारण आणि फिक्स या क्रमाने लिहा, कुठल्या घासाने आणि कितव्या बाईटला चुकत होतं ते आकडे त्यातच घाला, बग आणणारा कमिट माहीत असेल तर फिक्सेसच्या ओळीत त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं, चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवा, आणि पाठवायच्या आधी डिफ एकदा स्वतः वाचा, कारण पायरी ५ मधला तो प्रिंट अजून तिथेच असतो.